अंगणाकडून खिडकीकडे

महाराष्ट्रातील जुन्या घराचे चित्र अंगणावाचून पुरे होत नसे. पुढल्या दारी तुळशीवृंदावन, मागल्या परसात केळ, कर्दळ, अबोली आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर पोसलेला अळू, हा त्या घराचा हिरवा परिवार होता. झाड उचलून घरात आणून ठेवावे, हा विचार त्या काळी सुचण्याचे कारणच नव्हते. झाड आणि माणूस ह्यांच्यामध्ये अंतर असे ते चार पायऱ्यांचे. ते अंतर पुढे दहा-वीस मजल्यांचे झाले, आणि मग झाडाला माणसाकडे यावे लागले.

दिल्लीच्या पूर्वेस, यमुना आणि हिंडण ह्या दोन नद्यांच्या मधल्या सखल प्रदेशात 17 एप्रिल 1976 रोजी नोएडा ह्या नव्या औद्योगिक नगराची स्थापना झाली. जेथे गावे आणि शेते होती तेथे विभाग आखले गेले, कारखाने आले, कचेऱ्या आल्या आणि पाठोपाठ उंच इमारती उभ्या राहिल्या. देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे पोटापाण्यासाठी आली. त्यांत मराठी कुटुंबेही आली. मातीवर चालणारे पाय फरशीवर आले. मोकळ्या हिरव्या जागेचे मोल केवढे असते, हे ह्या नगराने एका प्रसिद्ध खटल्यात पाहिले. सेक्टर 93 अ मधील एका वसाहतीत मूळ नकाशात बाग दाखविलेल्या जागी दोन उत्तुंग मनोरे उठले. रहिवाशांनी न्यायालयाचे दार ठोठावले. सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑगस्ट 2021 रोजी ते बांधकाम बेकायदा ठरवून पाडण्याची आज्ञा कायम केली, आणि 28 ऑगस्ट 2022 रोजी सुमारे शंभर मीटर उंचीचे ते मनोरे काही सेकंदांत जमीनदोस्त झाले.

अशा नगरात नव्याने बिऱ्हाड थाटणारे मराठी कुटुंब पहिली कुंडी आणते ती बहुधा तुळशीची. भावना योग्य आहे, पण आरंभ अवघड आहे. तुळस ही मोकळ्या उन्हाची वनस्पती. उत्तरेकडील सदनिकेच्या सावलीत ती मुळातच कष्टी असते. त्यात डिसेंबर-जानेवारीचे धुके आणि कडाक्याची थंडी आली की तिची पाने काळवंडून गळतात. मग घरची गृहिणी खंतावते आणि म्हणते, ‘माझ्या हाताला गुणच नाही.’ वास्तविक दोष हाताचा नसतो, निवडीचा असतो. बंद खोलीत कोणते झाड जगेल, ह्या प्रश्नाला स्वतःचा एक इतिहास आहे, आणि त्याचे उत्तर पुष्कळ प्रयत्नांनी सापडलेले आहे.

ह्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण लंडनमध्ये घडले. नॅथॅनियल वॉर्ड नावाचे एक डॉक्टर त्या शहराच्या पूर्व भागात, गोदीजवळ राहत. नेचे लावण्याचा त्यांना मोठा छंद. पण कोळशाच्या धुराने त्यांची झाडे एकामागून एक मरत. 1829 च्या सुमारास त्यांनी एका पतंगाचा कोश ओलसर मातीत घालून बाटलीत बंद करून ठेवला. काही दिवसांनी पाहतात तो बाटलीत नेचाचा आणि गवताचा अंकुर वर आलेला. मातीतील ओल वाफ होऊन वर जाई, काचेवर निवे आणि पुन्हा मातीत उतरे. धूर मात्र बाहेरच राही. ह्या निरीक्षणातून वॉर्ड ह्यांची काचपेटी निर्माण झाली. 1833 मध्ये अशा दोन पेट्या जहाजावरून ऑस्ट्रेलियाला गेल्या आणि आतील झाडे जिवंत पोहोचली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यून ह्यांनी चीनमधून चहाची रोपे हिमालयाच्या उतारांवर आणली, तीही ह्याच पेट्यांतून. धुराने गुदमरलेल्या शहरातील एका हौशी माणसाच्या बाटलीने चहाच्या व्यापाराची दिशा बदलण्यास हातभार लावला.

आज नोएडाच्या खिडक्यांत दिसणारी झाडे अशीच दूरदेशींची पाहुणी आहेत. मनी प्लांटचेच पाहा. ह्या वेलीचे मूळ घर पॅसिफिक महासागरातील मूरेआ हे चिमुकले बेट. ती कुंडीत सहसा फुलत नाही. फुलण्यास आवश्यक असलेले एक संप्रेरक तिच्या अंगी पुरेसे तयार होत नाही, असे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. फूल नाही म्हणून बी नाही, आणि बी नाही म्हणून तिचा सारा प्रसार फांदीवरून. शेजारच्या घरून न विचारता आणलेली फांदीच चांगली फोफावते, अशी गमतीची समजूत आपल्याकडे आहे. समजूत खोटी असली, तरी ही वेल हातोहातच जगभर पसरली, हे मात्र अगदी खरे.

तलवारीसारख्या ताठ पानांचे, हिरव्या-करड्या पट्ट्यांचे स्नेक प्लांट पश्चिम आफ्रिकेतून आले. त्याचा एक भारतीय आप्त आपल्या दोरखंडांच्या कामी येई. ‘मूर्वा’ हे नाव एकाहून अधिक वनस्पतींना दिले जाते, त्यांत ह्या आप्ताचीही गणना होते. आणि धनुष्याच्या दोरीला ‘मौर्वी’ म्हणतात ते मूर्वेवरूनच. स्नेक प्लांटची पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडतात, त्यामुळे दिवसाच्या उष्ण वाऱ्यात त्याचे पाणी फारसे उडून जात नाही. नोएडातील मे महिन्याच्या लूमध्येही ते घरात निभावते, ते ह्याच गुणामुळे. तिसरे झाड स्पायडर प्लांट. ते दक्षिण आफ्रिकेचे; पण त्याच्याच वंशातील सफेद मुसळीच्या एका जातीचे शास्त्रीय नाव मुंबईच्या बोरिवलीवरून पडले आहे. परका वाटणारा हा पाहुणा असा दूरचा नातलग निघतो.

दिल्लीच्या परिसरात ह्या झाडांना आणखी एक कीर्ती लाभली : ती घरातील हवा शुद्ध करतात अशी. ह्या समजुतीला मोठा आधार मिळाला तो अमेरिकेच्या अवकाशसंस्थेतील वॉल्व्हर्टन ह्यांच्या 1989 च्या अहवालाचा. त्यांनी बंद पेट्यांत झाडे ठेवून विशिष्ट विषारी वायू कमी होतात असे दाखविले. पुढे दिल्लीचे कमल मित्तल ह्यांनी नेहरू प्लेसमधील आपल्या इमारतीत सुमारे तीनशे माणसांसाठी बाराशे झाडे ठेवली आणि 2009 मधील एका व्याख्यानामुळे हा प्रयोग जगभर गाजला. परंतु त्या इमारतीत हवा धुण्याची व गाळण्याची यंत्रेही होती, आणि झाडांचे प्रमाण माणशी चार पडत होते, हे लोक विसरले. 2019 मध्ये अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेण्यात आला. साध्या वायुवीजनाने जेवढे काम होते तेवढे झाडांकडून व्हावयाचे, तर दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडे लागतील, असा हिशेब त्यात निघाला. शिवाय दिल्लीच्या हिवाळ्यात फुप्फुसांना जाचतात ते सूक्ष्म धूलिकण. त्या पेट्यांतील परीक्षा होती ती वायूंची. ज्या घरात दमेकरी वडील किंवा लहान मूल आहे, त्या घराने दोन कुंड्यांच्या भरवशावर निश्चिंत राहणे धोक्याचे आहे. झाडाला वैद्य समजू नये.

मग झाड ठेवावे कशासाठी? तर सोबतीसाठी. आणि सोबत टिकवावयाची, तर त्याचे नियम थोडके आहेत. नवशिक्याची झाडे तहानेने क्वचितच मरतात. बहुतेक मरतात ती अति मायेने. मुळांनाही हवा लागते. रोज पाणी ओतले की मातीच्या कणांमधली हवा निघून जाते आणि मुळे कुजतात. म्हणून कुंडीला तळाशी भोक असावे. बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे. ओल लागली तर तांब्या तसाच परत न्यावा. हिवाळ्यात वाढ मंदावते, तेव्हा पाणीही निम्म्यावर आणावे. कुंडी खिडकीजवळ ठेवावी, पण दुपारचे ऊन पानांवर थेट घेऊ नये. दिल्लीकडची धूळ पानांवर फार बसते, ती ओल्या फडक्याने पुसावी. मनी प्लांट आणि स्नेक प्लांट ही दोन्ही पोटात गेल्यास अपाय करतात, म्हणून ती रांगत्या मुलाच्या हाताला लागू देऊ नयेत.

ह्या तीन झाडांवर वर्षभर हात बसला, की मग फाल्गुनात, थंडी ओसरल्यावर, तुळस आणावी आणि ती सज्जाच्या सर्वांत उन्हाच्या कोपऱ्यात ठेवावी. अंगण परत येणार नाही. परंतु सकाळी उठून कोणाला तरी पाणी हवे आहे की नको, हे वाकून पाहण्याची जी सवय अंगणाने घराला लावली होती, ती विसाव्या मजल्यावरही जपता येते.