सावित्रीकाठचे ऊन पाणी आणि दासगाव

रायगडाच्या डोंगरांतून उतरणारी काळ नदी बिरवाडीवरून पुढे जाऊन सावित्रीला मिळते. सावित्री महाडला वळसा घालते, दासगावपाशी खाडीचे रूप घेते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. याच नदीकाठी महाडजवळ सव येथे जमिनीतून ऊन पाणी वर येते. आजचा प्रवासी बुडापेस्टच्या स्नानगृहात किंवा जपानच्या ओन्सेनमध्ये तिकीट काढून उतरतो. अडीचशे वर्षांपूर्वी हा ओघ उलट दिशेने वाहत होता. परमुलखात आलेला एक इंग्रज औषधी स्नानासाठी या खाडीने वर आला होता.

त्याचे नाव जेम्स फोर्ब्स. वयाच्या सोळा-सतराव्या वर्षी तो ईस्ट इंडिया कंपनीचा कारकून म्हणून मुंबईस आला. १७७१ मध्ये, प्रकृती ढासळल्यावर, तो दासगावच्या परिसरातील ऊन झऱ्यांवर गेला. पुढे १८१३ मध्ये ‘ओरिएंटल मेमॉयर्स’ या चार खंडांच्या ग्रंथात त्याने आपल्या हिंदुस्थानातील वास्तव्याच्या आठवणी प्रसिद्ध केल्या. त्यात या प्रवासाचीही हकीकत आहे.

त्याने दासगावच का निवडले? पहिले कारण राजकीय आहे. तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध पेशवे आणि इंग्रज एकत्र आले, १७५५ मध्ये बाणकोटचा किल्ला पडला आणि १७५६ च्या तहाने तो किल्ला व आसपासची काही गावे पेशव्यांनी इंग्रजांना दिली. दासगाव त्यांपैकी एक होते. मराठी मुलखाच्या पोटात शिरलेला तो कंपनीचा एक चिमुकला तुकडा होता. खाडीतून भरतीच्या पाण्यावर होडी थेट तेथवर जात असे, त्यामुळे आजारी माणसालाही घाट वा जंगल तुडवावे लागत नसे.

दुसरे कारण इंग्रजांच्या मायदेशातील रिवाजाचे. त्या काळी इंग्लंडातील बाथ हे शहर भरभराटीस आलेले होते. रोमनांनी जेथे मंदिर आणि स्नानगृहे उभारली, त्याच सुमारे ४६ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यासाठी अठराव्या शतकातील धनिक तेथे मुक्काम ठोकीत. संधिवात, अर्धांग, पोटाचे विकार, सर्वांवर डॉक्टरांचा सल्ला एकच : पाण्यावर जा. फोर्ब्स आपल्याबरोबर हीच समजूत घेऊन आला होता. मुंबईच्या हवेने खंगलेल्या गोऱ्या नोकराला विलायत गाठण्यास कित्येक महिने लागत. त्या मानाने दासगाव अगदीच हाताशी होते.

या पाण्याबद्दल एक खुलासा येथेच केलेला बरा. कोकणातील ऊन झऱ्यांखाली धगधगता ज्वालामुखी आहे, हा समज चुकीचा आहे. पावसाचे पाणी काळ्या बसाल्ट खडकाच्या भेगांतून खोल उतरते, भूगर्भातील उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेवाटे वर येते. पालघरपासून राजापूरपर्यंत, सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधल्या सुमारे साडेतीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात असे झरे विखुरलेले आहेत. वज्रेश्वरी-अकलोली, पालीजवळचे उन्हेरे, तुरळ, राजवाडी आणि राजापूरचे उन्हाळे ही सारी सवची भावंडेच.

फोर्ब्ससाठी पाणी ही सोय होती. गाव त्याच्या कंपनीचे, खाडी खुली, अडवणारे कोणी नाही. त्याच दासगावच्या रहिवाशांतील सर्वांना पाणी इतके सहज मिळत नव्हते, आणि या गावाचा पुढचा इतिहास या फोर्ब्सच्या मुक्कामापेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेले किंवा सांभाळलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असे त्यात म्हटले होते. महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला. पण तो कागदावरच राहिला. महाडच्या बाजाराला डोक्यावर भारे घेऊन येणाऱ्या अस्पृश्यांना घोटभर पाणी मिळणे दुरापास्त होते.

दासगावात वाढलेले रामचंद्र बाबाजी मोरे हे सारे पाहत होते. महाडच्या शाळेत शिरण्यासाठीही त्यांना झगडावे लागले होते. महाडच्या आधी दासगावातच, त्यांच्या पुढाकाराने, क्रॉफर्ड विहिरीच्या पाण्यावर हक्क बजावण्यात आला. महाडला परिषद भरवावी हा आग्रहही त्यांचाच. १९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि २० तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह चवदार तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर लोकांवर हल्ले झाले, आणि तळ्यात पंचगव्य ओतून ते ‘शुद्ध’ करण्यात आले.

पुढे प्रकरण न्यायालयात गेले. तळे खासगी आहे आणि अस्पृश्यांना मज्जाव ही अनादी काळची रूढी आहे, असा वादींचा दावा होता. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला. अशी अनादी रूढी सिद्ध झालेली नाही, असे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी निकालात म्हटले. ओंजळभर पाण्याचा हा हक्क कोर्टात टिकण्यास तळ्यावरील त्या दिवसापासून बरोबर तीन दिवस कमी दहा वर्षे लागली.