एकट्याने उडण्याचा परवाना : जुहू १९२९ ते आज

मागच्या वेळी आम्ही अकलोलीला बोलायला आलो होतो, तेव्हा व्याख्यान संपल्यावर दहावीतली एक मुलगी पुढे आली. मुंबईला ये-जा करणारी विमानं ती इथून रोज पाहते. तिने विचारलं, "सर, विमान चालवायला किती शिकावं लागतं?" आमचा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला. आम्ही काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. मग नियम वाचले, इतिहास चाळला. आजचं व्याख्यान म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेलं उत्तर समजा.

सुरुवात एका साध्या शंकेपासून करू. माणूस स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या हौसेसाठी, स्वतःचा जीव धोक्यात घालून उडणार असेल, तर सरकारने मध्ये का पडावं? उत्तर आपल्या पायाखालीच आहे. तानसेच्या काठी शेतात राबणाऱ्या माणसाने वरच्या विमानाला संमती दिलेली नसते. आकाशाला बांध नाही. वरच्याची चूक खालच्यालाही भोगावी लागते. म्हणून परवाना.

१९१९ साली पॅरिसमध्ये हवाई वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि वैमानिकाकडे काय काय असलं पाहिजे हे देशादेशांनी मिळून लिहून ठेवलं. त्या काळच्या चाचण्या मोठ्या गमतीच्या. दोन खांबांभोवती इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे फेरे मारायचे, वर जाऊन इंजिन बंद करायचं आणि तरंगत खाली येऊन ठरलेल्या जागेजवळ उतरायचं. परीक्षा मुख्यतः हाताची होती.

आपल्याकडे ही गोष्ट जुहूला सुरू झाली. १९२८ साली तिथे विमानतळ झाला. बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये शिकलेल्या जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी 'एरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा'चा परवाना मिळाला. त्यावर क्रमांक होता १. टाटा तेव्हा २४ वर्षांचे होते. त्या काळी परवान्याचे दोन मुख्य प्रकार होते : 'ए' म्हणजे खासगी आणि 'बी' म्हणजे व्यावसायिक. आम्हाला ही वाटणी फार अर्थपूर्ण वाटते. विमान तेच, आकाश तेच. पण दुसऱ्याने पैसे मोजून आपला जीव तुमच्या हाती दिला, की कायदा अधिक कडक होतो. आजही खासगी परवान्यावर मित्राला सोबत नेता येतं, पण उड्डाणाचा मोबदला घेता येत नाही.

पुढच्याच वर्षीचा, १९३० चा प्रसंग. इंग्लंड आणि भारत हे अंतर एकट्याने उडून जाणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखानांनी बक्षीस लावलं. टाटा कराचीहून निघाले, अस्पी इंजिनिअर हा तरुण इंग्लंडहून निघाला. इजिप्तमध्ये अबूकीरला दोघांची गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून पडला होता. टाटांनी आपल्याकडचा प्लग काढून दिला. थोडक्या फरकाने बक्षीस अस्पीने जिंकलं, आणि पुढे तो आपल्या हवाई दलाचा प्रमुख झाला. स्पर्धेच्या वेळी त्याचं वय होतं १७. आज खासगी परवान्यासाठी किमान वय तेवढंच आहे.

१९३४ चा विमान कायदा आणि १९३७ ची विमान नियमावली यांनी परवान्याच्या अटी सविस्तर बांधल्या. १९४४ च्या शिकागो करारानंतर त्या जगभर बऱ्याचशा सारख्या झाल्या. १ जानेवारी २०२५ पासून जुन्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम आला आहे.

आता मुलीच्या प्रश्नाचं थेट उत्तर. वय १७, शिक्षण दहावी पास. ठरलेली वैद्यकीय तपासणी. हवाई नियम, दिशाशोधन, हवामान, विमान आणि इंजिन या विषयांची परीक्षा. रेडिओवर बोलण्याचा वेगळा परवाना. आणि किमान ४० तासांचं उड्डाण, त्यातले किमान २० तास एकट्याने. या एकट्याच्या तासांत दूरचा एक प्रवास हवा, १५० सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे २७८ किलोमीटर. मुंबई ते धुळे सरळ रेषेत जवळपास तेवढंच. वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबायचं.

आमच्या मते सगळ्याचा गाभा त्या २० तासांत आहे. शेजारची खुर्ची रिकामी असते. चुकलं तर हात पुढे करणारा गुरुजी नसतो. परवाना तुमच्या माहितीची साक्ष देतो, हे खरंच. पण त्याहून मोठी साक्ष देतो ती तुमच्या एकट्याच्या निर्णयाची.

परवाना मिळाला म्हणजे सगळं आकाश खुलं झालं, असंही नाही. त्यावर 'रेटिंग' चढवून घ्यावी लागतात : कोणतं विमान चालवू शकता ते, रात्रीचं, उपकरणांच्या आधारे उडण्याचं. हे शेवटचं मिळवायला ४० तास नुसत्या उपकरणांकडे पाहून उडावं लागतं. त्यातला काही भाग जमिनीवरच्या सिम्युलेटरवर चालतो. एवढा खटाटोप का? पावसाळ्यात माहुलीचा डोंगर ढगात बुडतो, तेव्हा तिथे सापडलेल्या वैमानिकाचा विचार करा. विमान सावकाश वळत असतं, पण कानातला तोल सांगतो, "सरळ चाललंय." तिथे स्वतःच्या जाणिवेवर विश्वास ठेवला की संपलं. आमच्या नैयायिकांनी प्रत्यक्षाला प्रमाण मानलं, पण ते भ्रमरहित असलं पाहिजे ही अट घालून. उपकरणांचं रेटिंग म्हणजे त्याच अटीचं प्रशिक्षण!

एक गोष्ट मात्र नियमांत कुठेच लिहिलेली नाही, आणि ती लपवून ठेवणं बरं नव्हे. दहावीची अट अकलोलीची मुलगी पुरी करील. सतराव्या वाढदिवसाला फार दिवस नाहीत. पण ते ४० तास तासाच्या भाड्याने विकत घ्यावे लागतात, आणि खर्च लाखांत जातो. टाटा श्रीमंत घरचे होते, हे विसरून त्यांची गोष्ट सांगू नये. शंभर वर्षं होत आली, बॉम्बे फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण धुळ्यापर्यंत पोचलं, बारामतीत विमानं शिकवतात. म्हणजे जागा जवळ आली, किंमत नाही आली. खासगी परवाना कमाईचा नाही, त्यामुळे यातून कर्ज फेडू असंही म्हणता येत नाही.

तर बाळ, तू आज इथे बसली असशील तर ऐक. शिक्षण फार लागत नाही. डोकं, तब्येत आणि धीर लागतो, आणि तो तुझ्यात असू शकतो. पैशाचा भाग तुझा दोष नाही. शिष्यवृत्त्या कुणाला, किती आणि कशासाठी द्यायच्या, हा प्रश्न आम्हा मोठ्यांचा आहे, आणि तो या सभागृहातल्या प्रत्येकाने घरी घेऊन जावा.

१५ ऑक्टोबर १९८२ ला टाटांनी कराची ते मुंबई हे आपलं पन्नास वर्षांपूर्वीचं टपाल-उड्डाण पुन्हा एकट्याने केलं. तेव्हा ते ७८ वर्षांचे होते. आमच्या वयाच्या माणसाला हे वाचून जरा बरं वाटतं.