वाङ्निश्चय : शब्द आणि त्याचा अर्थ

‘साखरपुडा’ हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे. पुडा हा संस्कृत ‘पुट’ शब्दापासून आलेला. मुलीच्या हाती साखरेचा पुडा दिला की सोयरीक ठरली, एवढाच त्याचा अर्थ. परंतु या विधीचे जुने शास्त्रीय नाव वाङ्निश्चय. ‘वाक्’ म्हणजे वाणी. तिच्यापुढे ‘निश्चय’ आला की संधिनियमाने ‘क्’ चा ‘ङ्’ होतो. ‘वाङ्मय’ या शब्दातही हेच घडले आहे. शाळेत हा संधी शिकविताना मुले हसत, कारण ‘ङ’ त्यांना दुसरीकडे कोठे भेटत नसे. आज पुष्कळ घरी हा विधी लग्नाच्या आदल्या सायंकाळी सीमांतपूजनास जोडून उरकला जातो.

तेव्हा वाङ्निश्चय म्हणजे वाणीने केलेला निश्चय, विवाह नव्हे. हा भेद आपल्या पूर्वजांस पक्का ठाऊक होता. दिलेला शब्द फिरविणाऱ्यास याज्ञवल्क्यांनी चोराचा दंड सांगितला खरा. पण अधिक चांगला वर आल्यास वाग्दत्ता कन्याही परत घ्यावी, अशी मुभा त्यांनीच दिली आहे. (अधिक चांगला कोण, हे ठरविणार अर्थात वडीलच!) मनूच्या मते विवाहाची पूर्तता सातव्या पावलाशी होते, आणि १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानेही, जेथे सप्तपदीची चाल आहे तेथे, तेच धरले. वसिष्ठ धर्मसूत्र तर त्याहून स्पष्ट बोलते : वाणीने व उदकाने कन्या दिली, पण मंत्रसंस्कार होण्यापूर्वी वर निवर्तला, तर ती पित्याची कुमारीच होय.

हे वचन आम्ही वाचले तेव्हा आमच्या थोरल्या आत्याबाई डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. त्यांचा वाङ्निश्चय झाला आणि लग्नास पंधरा दिवस असता नियोजित वर विषमज्वराने गेले. आत्याबाईंना कुंकू पुसावयास कोणी सांगितले नाही, पण हळदीकुंकवासही कोणी बोलाविले नाही. दुसरे स्थळ आले नाही. घरात आमचे आजोबा रोज पोथी वाचीत. वसिष्ठांचे हे वचन मात्र त्यांना कोणी दाखविले नाही.

आपल्या मंडळाच्या वधूवर-नोंदणीपत्रकात ‘पूर्वी साखरपुडा मोडला आहे काय?’ असा रकाना आहे, आणि तो केवळ वधूच्या पत्रकात आहे. तो काढून टाकावा, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीकडे लेखी दिली आहे. येत्या वार्षिक सभेत ती चर्चेस यावी, ही विनंती.