न्यूटनीय दूरदर्शक व खगोलीय छायाचित्रण

न्यूटन यांनी १६६८ मध्ये बनविलेल्या परावर्तक दूरदर्शकात अंतर्वक्र आरसा ताऱ्यांचा प्रकाश एकत्रित करतो आणि नळीच्या तोंडाजवळील लहान सपाट आरसा तो बाजूच्या नेत्रिकेकडे वळवितो. ही रचना डोळ्यासाठी सोयीची असली, तरी छायाचित्रणास जशीच्या तशी चालत नाही. प्रतिमा नळीबाहेर थोड्याच अंतरावर पडते. कॅमेरा जोडल्यास त्याचे संवेदनशील पृष्ठ प्रतिमेच्या पलीकडे राहते. म्हणून मुख्य आरसा नळीत पुढे सरकवितात. त्यामुळे प्रतिमा अधिक बाहेर येते. मात्र सपाट आरशावर पडणारा प्रकाशशंकू रुंद होत असल्याने तो आरसाही मोठा घ्यावा लागतो. क्षेत्राच्या कडेचे तारे शेपटी फुटल्यासारखे दिसतात. तो दोष कॅमेऱ्यापुढील भिंगसंचाने कमी होतो.

आयझॅक रॉबर्ट्स यांनी इंग्लंडमध्ये अधिक धीट मार्ग पतकरला. ग्रब यांनी बनविलेल्या २० इंची परावर्तकातील दुसरे परावर्तन टाळून त्यांनी काच थेट मुख्य आरशाच्या केंद्रस्थानी बसविली. १८८८ मध्ये घेतलेल्या छायाचित्रात देवयानी तेजोमेघाची सर्पिल रचना उमटली. ताऱ्यांच्या गतीबरोबर फिरणारे घटीयंत्र व सतत लक्ष ठेवणारा निरीक्षक यांवाचून असे दीर्घ प्रकाशन अशक्य होते.

त्याच वर्षी पुण्यात, भावनगरच्या महाराजांची देणगी व मुंबई सरकारचे साहाय्य यांतून, महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा सुरू झाली. तिचा प्रमुख दूरदर्शकही ग्रब यांचाच परावर्तक होता व २० इंची म्हणून तो प्रसिद्ध आहे. कित्येक दशके भारतात त्याहून मोठा दूरदर्शक नव्हता. वेधशाळेचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७–१९३८) यांचा ओढा मात्र चित्रापेक्षा वर्णपटाकडे होता. एका प्राध्यापकाच्या हिमतीवर चाललेल्या संस्थेने दोन्ही कामे पेलावीत, ही अपेक्षा अवास्तवच ठरली असती.

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा विजयदुर्गाहून ईशान्येस कराडच्या परिसरावरून सोलापूर जिल्ह्यातील जेऊरकडे गेला. त्या काळी सातारा जिल्ह्यात असलेला व आज सांगलीत मोडणारा वाळवे तालुक्याचा भागही त्यात येत होता. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. एवढ्यासाठी पुण्याचा अवजड परावर्तक हलविणे शक्य नव्हते. नायगमवालांनी जेऊर येथे वेगळी उपकरणे मांडून छायाचित्रे घेतली. शेजारीच अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा ४० फुटी कॅमेरा होता. त्यात भिंग स्थिर असे आणि सूर्याच्या प्रतिमेमागे काच सरकत जाई. प्रश्न तोच, उत्तर निराळे.

नायगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद पडली. दूरदर्शक कोडाईकानल येथे नेण्यात आला. तेथे तो भावनगर दूरदर्शक म्हणून ओळखला जाऊ लागला.