खिडकीची काच, सोडा आणि 1935 चा नकार

हायवेला लागून जी नवी कॉम्प्लेक्सं उभी राहतायत, त्यांची दर्शनी बाजू बघा. नुसती काच. आणि आमच्या कणकवली तालुक्यात कासार्डेची सिलिका वाळू ट्रक भरून बाहेर जाते, हे शेंबड्या पोरालाही माहीत. त्यामुळे इथे एक समज पक्का बसलाय, की वाळू वितळवली की झाली काच.

तसं नाहीये मंडळी. नुसती वाळू वितळवायला 1700 अंशांच्या आसपास उष्णता लागते. त्यात सोडा अॅश घातला की काम बरंच कमी उष्णतेत होतं. पण वाळू आणि सोडा एवढंच घेतलं, तर ती काच पाण्यात विरघळते! म्हणून चुनखडी. खिडकीच्या काचेत 100 भागांत साधारण 70 ते 73 भाग वाळू, 13-14 सोडा, बाकी मुख्यतः चुना. वाळूत लोह असेल तर हिरवी झाक येते. साध्या काचेची कड बघा, दिसेल.

वाळू आणि चुनखडी बऱ्याच ठिकाणी मिळते. अडायचं ते सोड्यापाशी. स्कॉटलंडच्या बेटांवरचे गरीब लोक समुद्रातलं शेवाळ जाळून त्याची राख विकायचे. साधारण 20 टन ओलं शेवाळ जाळलं की 1 टन राख. मग 1791 मध्ये लेब्लांक नावाच्या फ्रेंच माणसाने मिठापासून सोडा करायच्या कृतीचं पेटंट घेतलं. त्याला स्वतःला काही लाभलं नाही, 1806 मध्ये त्याने आत्महत्या केली. पण कारखान्यातला सोडा स्वस्त झाला. 1851 च्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला जवळपास 3 लाख तावदानं लागली. शेवाळाच्या राखेवर ते झालं नसतं.

आता आपल्याकडे या. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला, टिळकांनी तो उचलून धरला आणि 1908 मध्ये तळेगाव दाभाडेला काच कारखाना निघाला. तिथे काच शिकवणारे तज्ज्ञ ईश्वरदास वार्ष्णेय. त्यांनीच पुढे संयुक्त प्रांतात बहजोईला कारखाना काढला, तिथे खिडकीची काचही होऊ लागली. तळेगावात शिकलेली मंडळी देशभरच्या भट्ट्यांवर गेली. म्हणजे हात होते, वाळू होती, गिऱ्हाईकही होतं. सोडा मात्र बाहेरून यायचा, इंग्लंडमधून आणि केनियातल्या मगाडी सरोवरातून.

परदेशी मालापुढे टिकाव लागेना म्हणून काचवाल्यांनी संरक्षक जकात मागितली. टॅरिफ बोर्डाने 1932 मध्ये चौकशी करून संरक्षण द्यावं असं सांगितलं. सरकार तीन वर्षं त्यावर बसून राहिलं आणि 1935 मध्ये नकार दिला. कारण काय? तर सोडा अॅश देशात होत नाही, म्हणजे कच्चा माल मुबलक हवा ही अट पुरी होत नाही. अहो, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस कुठून जायचा? आमच्या वऱ्हाडातून सुद्धा! त्यांना कुणी ही अट घातली नाही. माझ्या मते ही अट नव्हती, पळवाट होती. सोडा करायला मीठ आणि चुनखडी लागते, आणि या देशाला दोन्हीची काय वाण? नव्हता तो फक्त कारखाना.

तोही झाला. 1939 मध्ये बडोदे संस्थानातल्या ओखामंडळात, समुद्राकाठी मिठापूरला, टाटा केमिकल्स उभी राहिली. पाठीमागे कपिलराम वकील यांची धडपड होती. काही वर्षांत तिथे सोडा अॅश निघू लागला.

आणि ज्या ब्रूनर माँडच्या हाती तो इंग्लंडचा आणि मगाडीचा सोडा होता, ती कंपनी 2005-06 मध्ये विकत कुणी घेतली? याच टाटा केमिकल्सने. मगाडीसकट.

सोड्याचं कोडं असं सुटलं. कासार्डेची वाळू मात्र अजून वाळू म्हणूनच जाते आणि काच बाहेरून येते. आता यात कोणता कच्चा माल कमी पडतोय, हे कुणी सांगेल का?