वेदरिंग (अंतराळयानांच्या प्रतिकृतींचे)

वेदरिंग : प्लॅस्टिकच्या किटमधून जुळवलेल्या प्रतिकृतीवर वापराच्या, हवामानाच्या आणि झिजेच्या खुणा रंगाने दाखवण्याचे तंत्र. रणगाडे, विमाने, रेल्वे-इंजिने यांच्या प्रतिकृतींत ते पूर्वापार रूढ आहे. रणगाड्याचा मळ छायाचित्राशी ताडून पाहता येतो. विज्ञानकथेतल्या यानाला तसा खराखुरा नमुना नसतो. म्हणून तेथे प्रत्येक डागामागे पटण्याजोगे कारण असावे लागते. पुढील विवेचनात ‘स्टार वॉर्स’मधील एक्स-विंग या लढाऊ यानाच्या १/७२ प्रमाणातील किटचे उदाहरण घेतले आहे.

पार्श्वभूमी : ‘स्टार वॉर्स’ (१९७७) या चित्रपटासाठी जॉर्ज लुकास यांना कोरी करकरीत याने नको होती, राबवलेली, डागडुजी केलेली हवी होती. एक्स-विंगचा पहिला नमुना कॉलिन कँटवेल यांनी केला आणि जो जॉन्स्टन यांनी त्यात सुधारणा केल्या. ‘इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक’च्या कॅलिफोर्नियातील व्हॅन नाइज येथील कार्यशाळेत ग्रँट मॅक्यून, लॉर्न पीटरसन, स्टीव्ह गॉली आदी कारागिरांनी चित्रीकरणासाठी प्रतिकृती घडवल्या. बाजारातील रणगाडे-विमानांच्या किटमधले सुटे भाग यानांवर चिकटवून त्यांवर काजळी, ओघळ आणि उडालेला रंग दाखवण्यात आला. चित्रीकरण निळ्या पडद्यासमोर होते. निळे पट्टे त्यात नाहीसे झाले असते, म्हणून एक्स-विंगला लाल पट्टे मिळाले. पुढे जपानच्या बांदाई कंपनीने काढलेल्या किटमध्ये भाग रंगीत प्लॅस्टिकचे असून ते गोंदाशिवाय एकमेकांत बसतात.

प्रमाण : कथेनुसार एक्स-विंगची लांबी सुमारे १२.५ मी. आहे; १/७२ प्रमाणात ती सुमारे १७ सेंमी. होते. या प्रमाणात प्रतिकृतीवरचा १ मिमी. म्हणजे यानावरचे ७.२ सेंमी. रंगाचा १ मिमी.चा टवका प्रत्यक्षात तळहाताच्या रुंदीचा ठरतो. त्यामुळे लहान प्रतिकृतीवर खुणा बारीक आणि फिकट ठेवाव्या लागतात.

रंगकाम : भाग साच्यातून सुटावेत म्हणून वापरलेल्या तेलाचा अंश राहू नये यासाठी ते साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवतात. साच्याच्या जोडरेषा पॉलिश पेपरने घासून काढतात. त्यावर करड्या प्रायमरचा पातळ थर देतात. मूळ रंग पांढराशुभ्र न ठेवता किंचित राखाडी घेतात, कारण लहान वस्तूवर शुद्ध रंग भडक दिसतात. एअरब्रशसाठी रंग दुधाइतका पातळ करून अनेक हलके हात मारतात. मोजक्या पत्र्यांभोवती चिकटपट्टी लावून त्यांना थोडी वेगळी छटा दिली, की ते बदललेले पत्रे वाटतात.

वेदरिंगचे टप्पे : नंतरच्या थरातील थिनरने आधीचा थर विरघळू नये, हा येथला मूळ नियम. लॅकर किंवा ॲक्रिलिक रंगावर तकतकीत वार्निश देऊन पाण्याने सुटणारी डिकल्स (छापील चिकटचित्रे) बसवतात व त्यांवर पुन्हा वार्निश देतात. मग गडद तपकिरी-करड्या इनॅमल किंवा तैलरंगाचे पातळ द्रावण, म्हणजे वॉश, खाचांत सोडतात. ब्रशचे टोक खाचेला टेकवताच द्रावण आपोआप खाचेतून धावते. बाहेर आलेले वाळल्यावर थिनरने ओलावलेल्या बोळ्याने पुसतात. पुसण्याची दिशा नाकाकडून इंजिनाकडे ठेवतात. वातावरणातून उडताना मळ हवेच्या प्रवाहाबरोबर मागे ओढला जातो, तर उभ्या यानावरचे ओघळ खाली येतात.

टवके दाखवण्यासाठी स्पंजचा तुकडा गडद करड्या रंगात बुडवून, कागदावर टिपून, कडांवर अलगद टेकवतात. यानाचे कवच लोखंडी असल्याचे गृहीत धरण्याचे कारण नसल्याने तांबूस गंज टाळणे बरे. वैमानिक चढतो ती जागा, तोफांची तोंडे आणि इंजिनांचे मागचे भाग येथे झीज व काजळी अधिक दाखवतात; काजळीसाठी पेस्टल खडूची भुकटी कोरड्या ब्रशने चोळतात. शेवटी मॅट वार्निश देऊन सर्व थर एकजीव करतात.

दक्षता : घट्ट बसणाऱ्या भागांच्या सांध्यांवर ताण असतो. तेथे इनॅमल थिनर झिरपल्यास प्लॅस्टिकला तडे जातात. म्हणून वॉश उघड्या प्लॅस्टिकवर साचू देत नाहीत. दमट हवेत फवारलेल्या लॅकर वार्निशवर पांढुरकी झाक येते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हा दोष हमखास उद्भवतो, तेव्हा हे काम कोरड्या दिवशी करतात. फवारणी करताना खोली हवेशीर असावी आणि रंग-थिनरच्या वाफा गाळणारा मास्क वापरावा. साधा कापडी मास्क पुरत नाही.

मूल्यमापन : सर्वत्र सारखाच मळ फासलेली प्रतिकृती मळकट दिसते, जुनी नव्हे. वापर जेथे अधिक तेथे झीज अधिक आणि इतरत्र रंग जवळजवळ शाबूत, अशी विभागणी साधली तर यान वापरातले वाटते.