वर्धा जिल्ह्यात परकी गुंतवणूक : 'सेझ' कोणाच्या फायद्याचे?

वर्धा जिल्ह्यात परदेशी भागीदारासह उद्योग उभारायचा, तर पहिला प्रश्न जागेचा असतो. अशा वेळी विशेष आर्थिक क्षेत्र, म्हणजेच 'सेझ', हा पर्याय हमखास सुचविला जातो. जिल्ह्याला जवळचे मोठे 'सेझ' म्हणजे नागपूरच्या दक्षिणेस वर्धा मार्गालगत असलेले 'मिहान'. मात्र केवळ सवलतींच्या अपेक्षेने 'सेझ' निवडण्याचे दिवस सरले आहेत. तयार माल कोठे विकायचा, हे आधी ठरवावे आणि मगच क्षेत्र निवडावे.

संकल्पना आणि कायदा

निर्यातीसाठी वेगळे क्षेत्र राखण्याची कल्पना भारतात जुनी आहे. कांडला येथे १९६५ मध्ये, तर मुंबईत सांताक्रूझ येथे १९७३ मध्ये अशी क्षेत्रे सुरू झाली. चीनने १९८० मध्ये शेन्झेनचा प्रयोग केला आणि त्याच्या यशानंतर भारताने २००० मध्ये 'सेझ' धोरण स्वीकारले. त्यासंबंधीचा कायदा २००५ मध्ये संमत झाला आणि १० फेब्रुवारी २००६ पासून अमलात आला.

सीमाशुल्काच्या दृष्टीने हे क्षेत्र देशाबाहेरचे मानले जाते. त्यामुळे यंत्रसामग्री व कच्चा माल शुल्काविना आयात करता येतो. देशातून तेथे जाणाऱ्या मालावर वस्तू व सेवा कराचा दर शून्य धरला जातो. त्या बदल्यात उद्योगाने पाच वर्षांच्या हिशेबात खर्चापेक्षा अधिक परकी चलन मिळविले पाहिजे. देशांतर्गत विक्रीला बंदी नाही; परंतु तो माल जणू परदेशातून आला, असे समजून त्यावर आयात शुल्क आकारण्याचे मूळ तत्त्व आहे.

बदललेले गणित

'सेझ'चे मुख्य आकर्षण प्राप्तिकरातील सवलत हे होते. निर्यातीच्या नफ्यावर पहिली पाच वर्षे पूर्ण आणि पुढील पाच वर्षे निम्मी करमाफी मिळत असे. त्यापुढील पाच वर्षे नफ्याच्या फेरगुंतवणुकीवर सवलत होती. २०११ च्या अर्थसंकल्पाने या क्षेत्रांना किमान पर्यायी कर लागू केला. पुढे ३१ मार्च २०२० ही मुदत संपल्यावर नव्या उद्योगांसाठी ही करमाफी बंद झाली. कोविडमुळे आधी मंजुरी मिळालेल्यांना काही महिन्यांची वाढ मिळाली, एवढेच. कंपन्यांसाठी २०१९ मध्ये आलेला २२ टक्के प्राप्तिकराचा पर्याय (अधिभार व उपकर वेगळे) 'सेझ'च्या आत आणि बाहेर सारखाच आहे. नव्या उद्योगासाठी आता आयात शुल्कातील बचत आणि सीमाशुल्काची सुलभ व्यवस्था हाच 'सेझ'चा मुख्य लाभ होय.

कोणता उद्योग कोठे?

कच्चा माल परदेशातून येतो आणि तयार माल परदेशात जातो, अशा उद्योगाला 'सेझ' सोयीचे ठरते. 'मिहान'मध्ये बोइंगच्या विमानांसाठी लागणारे सुटे भाग तयार झाले. फ्रान्सच्या दासो कंपनीच्या संयुक्त प्रकल्पाची पायाभरणीही तेथेच २०१७ मध्ये झाली.

हिंगणघाट परिसरातील सूतगिरणीचे गणित वेगळे आहे. कापूस शेजारच्या शेतातून येतो, त्यामुळे कच्च्या मालावर वाचविण्यासारखे आयात शुल्क नसतेच. सुताचा मोठा भाग भिवंडी वा इचलकरंजीला विकायचा असेल, तर 'सेझ'मधून निघणाऱ्या मालावर शुल्काचा बोजा पडतो. निर्यातीची हमी दिल्यास यंत्रसामग्रीवरील शुल्कसवलत 'सेझ'बाहेरही मिळू शकते. शिवाय औद्योगिक विकास महामंडळाच्या देवळीसारख्या वसाहतीत राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजनाही विचारात घेता येते.

परकी भांडवलाला 'सेझ' लागतेच, असे नाही. भूगाव येथील पोलाद कारखाने दिवाळखोरी प्रक्रियेतून २०२० मध्ये निथिया कॅपिटल आणि कारव्हॅल या परदेशी गुंतवणूकदारांकडे गेले, हे जिल्ह्यातीलच उदाहरण आहे.

वाहतूक आणि जमीन

विदर्भ समुद्रापासून दूर असल्याने बंदरापर्यंतचा खर्च निर्णायक ठरतो. वर्धा जंक्शनवरून मुंबई-हावडा लोहमार्ग जातो. जिल्ह्यातून जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. सिंदी रेल्वे येथे जवाहरलाल नेहरू बंदराच्या कोरड्या बंदराची पायाभरणी २०१७ मध्ये झाली. कंटेनर भरण्याची प्रत्यक्ष सोय कोठे आणि कोणत्या दराने मिळते, याची मात्र स्वतः खातरजमा करावी.

जमिनीचा वाद गुंतवणूक बुडवू शकतो. रायगड जिल्ह्यातील महामुंबई 'सेझ'साठी सप्टेंबर २००८ मध्ये पेण तालुक्यातील २२ गावांत शेतकऱ्यांचे मत आजमावले गेले आणि पुढे तो प्रकल्प बारगळला. नव्या क्षेत्रासाठी लागणारी किमान जमीन २०१९ च्या नियमांनी ५० हेक्टरपर्यंत खाली आणली. तरीही एका उद्योगासाठी नवे 'सेझ' मागण्यापेक्षा विकसित भूखंड घेणे कमी जोखमीचे असते.

करारापूर्वी तपासावे

• एकूण विक्रीत निर्यातीचा आणि कच्च्या मालात आयातीचा वाटा किती?
• भूखंड 'सेझ'च्या अधिसूचित हद्दीत आहे काय? 'मिहान' प्रकल्पातील सर्व जमीन 'सेझ' नाही.
• वीज व पाण्याचा दर आणि पुरवठ्याची लेखी हमी मिळते काय?
• भागीदाराच्या देशाला सरकारची पूर्वपरवानगी लागते काय? भारताच्या सीमेला लागून असलेल्या देशांसाठी एप्रिल २०२० मध्ये ही अट घालण्यात आली.
• 'सेझ'मधून बाहेर पडताना सवलतीत आणलेल्या सामग्रीवर किती शुल्क भरावे लागेल?

या उत्तरांच्या आधारे 'सेझ' आणि साधी वसाहत यांचा दहा वर्षांचा ताळेबंद शेजारी-शेजारी मांडावा. निर्यातीच्या मागण्या निम्म्यावर आल्या तरी जो ताळेबंद तग धरतो, तीच जागा उद्योगासाठी आणि तेथे रोजगार शोधणाऱ्या वर्धेकरांसाठी अधिक सुरक्षित होय.